जुन्या मोटारीचा ताळेबंद

चौदा-पंधरा वर्षे घरच्या माणसांची ने-आण केलेली मोटार एके दिवशी इंजिन तापते म्हणून किंवा क्लच घसरतो म्हणून गॅरेजात उभी राहते, मेस्त्री साठ हजारांचा अंदाज सांगतो, आणि तो ऐकताच घरातील जाणता माणूस निकाल देऊन मोकळा होतो की, जिला बाजारात ऐंशी हजारही येणार नाहीत तिच्यावर साठ हजार घालणे हा शुद्ध अव्यवहार होय. हा निकाल इतका सर्वमान्य झाला आहे की, त्यातील हिशेबाची चूक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या गाडीचा बाजारभाव हा ती विकणाऱ्याच्या उपयोगाचा आकडा आहे. ती चालविणाऱ्याने दुरुस्तीचा खर्च ताडून पाहावयाचा तो नव्या गाडीपायी पुढील चार-पाच वर्षांत जे द्रव्य खर्ची पडणार, त्याच्याशी.

हे द्रव्य किती, ते कागदावर मांडून पाहावे. सात लाखांची पेट्रोल मोटार स्वतःच्या नावे घेणाऱ्यास महाराष्ट्रात किमतीच्या 11 टक्के मोटार वाहन कर एकरकमी भरावा लागतो. म्हणजे गाडी दारात येण्यापूर्वीच 77 हजार रुपये सरकारी खजिन्यात जमा झालेले असतात. विम्यासाठी घसाऱ्याचे जे कोष्टक लावतात, त्याप्रमाणे पहिल्या वर्षाअखेर 15 टक्के आणि पाचव्या वर्षी 50 टक्के मूल्य वजा होते. पाच वर्षांत साडेतीन लाख, म्हणजे दरसाल 70 हजार, गाडी नुसती उभी राहिली तरी जावयाचे. कर्जाचे व्याज आणि विम्याचा चढा हप्ता यांची गणना यात केलेलीच नाही. उलटपक्षी साठ हजारांच्या दुरुस्तीने जुनी गाडी तीन वर्षे चालली तर दरसाल वीस हजार पडतात, आणि किरकोळ कामांसाठी आणखी तितकेच धरले तरी पारडे तिच्याच बाजूला झुकते. सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला हे खरे. परंतु सुट्या भागांवरील करही त्याच वेळी 18 टक्के झाला, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

आपल्या प्रांतात दुरुस्तीची विद्या अद्याप जिवंत आहे, ही आणखी एक जमेची बाजू. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग मिळतात; कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा असलेला कारागीर तापून वाकलेले सिलिंडर हेड घासून सपाट करतो, झिजलेला क्रँक ग्राइंड करून देतो, आणि ज्या इंजिनाला अधिकृत सेवाकेंद्राने ‘बदला’ एवढाच शेरा मारलेला असतो ते पुन्हा मार्गी लावतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिश्रमाने साध्य झालेले हे कौशल्य गिऱ्हाइकाअभावी लोपावे, यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

तथापि इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ही बदलता येणारी अंगे आहेत; पत्रा सडला की मात्र निरुपाय होतो. आजच्या बहुतेक मोटारींना निराळी चासी नसते, सांगाड्याचा पत्राच सगळा भार वाहतो. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी वरून रंगाने चकचकीत दिसते. पण ती लिफ्टवर घेऊन दरवाजाखालच्या पट्टीवर मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हर दाबला की काळा लेप फुटून गंजाचे पापुद्रे खाली गळतात. सस्पेन्शन जेथे सांगाड्याला जोडलेले असते तेथेही हीच अवस्था असेल, तर त्यावर वेल्डिंगची ठिगळे लावून मुलाबाळांसह घाटात उतरणे हा अविचार होय. सुरक्षिततेचाही विचार याच वेळी करावा. चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. तत्पूर्वीच्या अनेक स्वस्त गाड्यांत ती नाही. ज्यास रोज महामार्गाने जावे लागते, त्याने वरचा सारा हिशेब बाजूस ठेवून गाडी बदलावी, असेच मी सांगेन. गर्दीच्या शहरात दररोज फिरणाऱ्या जुन्या डिझेल मोटारीसही हाच न्याय लागू आहे, कारण तिचा धूर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या छातीत जातो.

कायद्याची दृष्टी या बाबतीत दुहेरी आहे. खाजगी मोटारीच्या नोंदणीची मुदत 15 वर्षांनी संपते, आणि तपासणीत गाडी उतरली तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. 1 एप्रिल 2022 पासून त्याचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले असले, तरी गाडीची प्रकृती पाहून परवानगी देण्याचे हे तत्त्व न्याय्य आहे. दिल्ली परिसरात मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिझेलसाठी दहा व पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची मर्यादा घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. निगुतीने राखलेली, महिन्यातून चार वेळा बाहेर निघणारी गाडी केवळ जन्मतारखेच्या आधारे मोडीत काढावयाची आणि हेळसांड झालेली सात वर्षांची गाडी काळा धूर ओकीत खुशाल फिरू द्यावयाची, हे मला मान्य नाही. महाराष्ट्र शासनाने तो मार्ग न स्वीकारता तपासणी कडक व सचोटीची करावी.

आणि ज्यांच्या घरी हा प्रश्न आज उभा आहे त्यांनी नव्या गाडीचा बयाणा देण्यापूर्वी जुनी एकदा लिफ्टवर चढवून, स्वतः खाली उभे राहून तिचा तळ पाहावा. पत्रा शाबूत असेल आणि रोजचा प्रवास महामार्गाचा नसेल, तर खुशाल दुरुस्तीला टाकावी.