उन्हाचे खरखरीत डाग

उन्हाने कातडीचा कर्करोग होतो तो गोऱ्या लोकांना, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती बरीचशी खरी आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य भरपूर असते व ते उन्हातील अतिनील किरणांना बऱ्यापैकी अडवते. म्हणून कान्हूर पठारावर दिवसभर कांदा खुरपणाऱ्या बाईने कर्करोगाच्या भीतीने महागडी क्रीम घ्यावी, असे मी सांगणार नाही. जाहिराती काहीही सांगोत. पण ही समजूत ज्यांना लागू पडत नाही अशी माणसे आपल्यातही आहेत, आणि त्यांचे नुकसान या समजुतीनेच होते.

त्यांत पहिली, जन्मतःच पांढरी असलेली माणसे. केस, भुवया, पापण्या पांढुरक्या, उजेडात डोळे मिटतात, नजर अधू. याला अल्बिनिझम म्हणतात. हे कोड नव्हे, कुष्ठरोग तर नव्हेच. आईने ग्रहण पाळले नाही म्हणूनही असे होत नाही. (त्या बिचारीला अजूनही हे ऐकून घ्यावे लागते.) बहुधा आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आले की मूल असे जन्मते. नात्यात लग्ने झाली की संभव वाढतो. या मुलांना मेलॅनिनचे छत्रच नसते. इतरांना म्हातारपणी क्वचित दिसणारे डाग यांना ऐन तारुण्यात दिसू लागतात.

दुसरी गोष्ट खालच्या ओठाची. शेतकरी, गवंडी, खडी फोडणारे यांच्या खालच्या ओठावर वर्षानुवर्षे थेट ऊन पडते. ओठ कोरडा पडतो, पांढुरका होतो, सालपटे निघतात, ओठ व कातडी यांमधली रेघ पुसट होते. जोडीला विडी-तंबाखू असली तर विचारायलाच नको.

हे डाग डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतात. हात फिरवला की पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागते. खपली निघते आणि पुन्हा धरते. असा प्रत्येक डाग कर्करोग होत नाही, थोडेच होतात. पण कोणता होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून उपचार करायचे. डाग जाड झाला, दुखू लागला, त्यातून रक्त आले किंवा जखम महिनाभरात भरली नाही, तर तुकडा काढून तपासणे अटळ आहे.

उपचार अवघड नाहीत. गाय भरवताना रेताची कांडी ज्या टाकीतून काढतात, त्यातला वाफाळणारा द्रव म्हणजे द्रव नायट्रोजन, उणे 196 अंशांचा. त्वचारोगतज्ज्ञ तोच काही सेकंद डागावर सोडतात. फोड येतो, खपली पडते, खाली नवी कातडी येते. (गोठ्यातल्या टाकीवर हा प्रयोग कोणी करू नये!) डाग पुष्कळ असतील तर फ्लुरोयुरॅसिल हे मलम दोन ते चार आठवडे लावतात. गरोदर बाईला ते चालत नाही. या मलमाने जागा लालभडक होते, चिघळल्यासारखी दिसते. ‘औषध बाधले’ म्हणून रुग्ण इथेच ते सोडतात. ही लाली म्हणजे औषध काम करीत असल्याची खूण आहे. त्रास फार झाला तर डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

राग येतो तो दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टिरॉइड मलमांचा. 2018 साली अशी 14 स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली गेली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी खाज असो, गजकर्ण असो, की उन्हाचा डाग, सर्वांवर तीच ट्यूब. लाली दबते, रोग आत चालू राहतो.

आता सरकारची बाजू. अपंगांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत अल्बिनिझम नाही. नजर पुरेशी अधू असेल तर तेवढ्यापुरते प्रमाणपत्र मिळते. कातडीचा हिशेब कुठेच नाही. कर्करोग झाला की महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रिया होते. तो होऊ नये म्हणून लागणारी ऊनरोधक क्रीम मात्र बापाने मजुरीतून घ्यायची. टांझानियात मोशी येथील रुग्णालयाने अल्बिनिझम असलेल्यांसाठी अशी क्रीम स्वतः बनवून वाटण्याची व्यवस्था केली. टांझानियाला जमते ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना का जमू नये? सर्वांना नको, एवढ्या मोजक्या मुलांना द्या.

तोवर पालकांनी इतके करावे. गांधी टोपीने कान झाकत नाहीत. रुंद काठाची टोपी किंवा मानेवर शेमला सोडलेला फेटा बरा. अंगात लांब बाह्यांचा सदरा. गुरुजींना सांगून दुपारचा कवायतीचा तास सावलीत आणि वर्गात पहिला बाक मागून घ्यावा. दर महिन्याला चांगल्या उजेडात मुलाच्या कानांवर, मानेवर, नाकावर, मनगटांच्या पाठीवर बोटे फिरवावीत, आणि खरखर लागली तर त्याच आठवड्यात दाखवावे.