शुद्ध हरपलेले शुद्धिवादी

‘प्रीपोन’ या आपल्या देशी इंग्रजी शब्दावर लिहिलं तेव्हा ज्यांनी पत्रं पाठवून माझीच शिकवणी घेतली होती, त्यांना या आठवड्यात नवा खुराक मिळाला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक इंग्रजीचे सर फिरताहेत. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ म्हणणाऱ्या मुलीला ते विचारतात, “मग शुद्धीवर कधी आलीस?” मागे डबाबंद हशा. ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तो व्हिडिओ मला पाठवलाय, काहींनी तर टाळ्यांसकट.

‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं, हे खरंच. अमेरिकेतल्या वर्गात बाई ‘पास आउट द पेपर्स’ म्हणाल्या तर कागद वाटायचे असतात, हेही खरं. पण सरांच्या यादीत एका क्रियापदापुढे एकच अर्थ छापलेला असणार. क्लासवाल्यांच्या याद्या तशाच असतात. पाठ करायला सोप्या, विकायला त्याहून सोप्या.

सरांनी एकदा खडकवासल्याला जाऊन यावं. तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, ‘पासिंग आउट परेड’ हे नाव काही पुणेकरांनी पाडलेलं नाही, ते ब्रिटिश लष्करी इंग्रजीतलं आहे. ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोशही लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं हा अर्थ ‘ब्रिटिश’ असा शेरा मारून देतो. गंमत पुढेच आहे. एनडीएच्या कॅडेटला पदवी मिळते जेएनयूची, आणि ती मिळते दीक्षान्त समारंभात, परेडच्या आधी. पदवी हातात पडली तरी गडी अजून पास आउट झालेला नसतो! ते होतं खेत्रपाल मैदानावर, बँडच्या तालावर, संथ पावलांनी क्वार्टर डेकसमोरून जाताना. मे २०२५मध्ये मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, अशीच बाहेर पडली. तिथला ‘आउट’ खरोखर बाहेर नेतो. आपल्या कॉलेजांनी शब्द तिथूनच उचलला असावा (पुरावा मागू नका) आणि संचलन तेवढं मैदानावर सोडून दिलं.

परेडवर शुद्ध हरपलेली माणसंच बघायची असतील तर लंडन गाठा. जून २०२३मध्ये ‘ट्रूपिंग द कलर’ या राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाच्या तालमीत, प्रिन्स विल्यमसमोर, अस्वलाच्या केसांच्या टोप्या घातलेले सैनिक उन्हानं कोसळले होते.

‘पास्ड आउट फ्रॉम एनडीए’ ऐकून कुणी कांदा हुंगवायला धावत नाही. तो ‘फ्रॉम’च सगळं काम करतो. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात मात्र ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं, तिथल्या लोकांना आपली सवय नाही.

माझं भांडण आहे ते नोकरीच्या जाहिरातींतल्या ‘पासआउट’ या नामाशी. ‘फक्त २०२५ पासआउट हवेत, २०२३चे चालणार नाहीत.’ दुधाच्या पिशवीसारखी माणसंही तारीख बघून घ्यायची! दोन वर्षं घरी बसलेल्या एखाद्या इंजिनीअरला ही जाहिरात वाचून घेरी आली आणि त्यानं ‘आय पास्ड आउट’ म्हटलं, तर ते इंग्रजी मात्र निर्दोष धरलं जाईल.