पत्रकारिता शिकायची म्हणते, शिकू द्यावे का?

यंदाही बऱ्याच पालकांनी हाच प्रश्न विचारला. मुलगा किंवा मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे पत्रकारिता, मास कॉम असे काहीतरी करायचे म्हणते. एका अम्मीने तर सरळच सांगितले, "सर, पगार किती मिळतो तेवढे सांगा, बाकीचे आम्ही बघू." प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी पगाराचेच बोलू.

तालुक्याच्या गावी बातमीदार म्हणून जे काम पटकन मिळते, त्याला बहुधा पगार नसतो. थोडेसे मानधन आणि वर जाहिराती आणण्याची जबाबदारी. दिवाळी, 26 जानेवारी, पुढाऱ्याचा वाढदिवस, प्रत्येक पुरवणीला जाहिरात हवी. मग ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्या रस्त्याच्या कामातले खड्डे कसे छापणार? 2011 साली मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने स्वीकारल्या, पण मानधनावर राबणाऱ्या पोरांपर्यंत त्या क्वचितच पोहोचल्या. त्याहून वाईट म्हणजे पैसे घेऊन 'प्रेस कार्ड' देणारे. मोटारसायकलवर 'प्रेस' लिहिले की पोलीस अडवत नाहीत, या एका आशेवर आपली मुले दोन-तीन हजार रुपये देऊन बसतात. सरकारी अधिस्वीकृती ही वेगळी गोष्ट आहे, ती अशी विकत मिळत नाही. नोकरीसाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

मग शिकूच नये का? तसे मी म्हणणार नाही. फक्त शिकायचे तर नीट ठिकाणी. जवळ म्हटले तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे, नांदेडच्या विद्यापीठातही माध्यमशास्त्राचे शिक्षण मिळते. पुण्यातले रानडे इन्स्टिट्यूट मराठी पत्रकारांना ठाऊकच आहे. भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र अमरावतीला आहे. उर्दूतून शिकलेल्यांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ आहे, तिथे हा विषय उर्दू माध्यमातूनच शिकवतात. दिल्लीच्या जामियाचे मास कम्युनिकेशन केंद्र 1982 पासून चालू आहे; त्याची प्रवेश परीक्षा अवघड असते, पण ती देऊन पाहायला काय हरकत आहे?

आता काम कुठे मिळेल ते पाहू. वर्तमानपत्र आणि टीव्ही एवढेच डोळ्यापुढे आणू नका. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालय आहे. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातली अधिकाऱ्यांची पदे एमपीएससीमार्फत भरतात. तिथे पत्रकारितेची पदवी किंवा पदविका विचारतात, अनुभवही विचारतात. त्याच खात्याचे 'लोकराज्य' मराठीबरोबर उर्दूतही निघत आले आहे. आकाशवाणीची केंद्रे नैमित्तिक निवेदक घेतात, त्यासाठी आवाजाची चाचणी असते. संभाजीनगरहून मराठीबरोबर उर्दू बातम्याही दिल्या जातात. शिवाय रुग्णालये, सामाजिक संस्था, मोठ्या शाळा, सगळ्यांनाच आता लिहिणारा, बोलणारा, व्हिडिओ करणारा माणूस लागतो.

आपल्या मुलांकडे एक भांडवल असे आहे की त्याची किंमत त्यांनाच कळत नाही. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेला 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह मराठी आणि उर्दू दोन्हीत निघतो. अशा ठिकाणी अनुवादाला माणसे लागतात. पण दोन्ही भाषा येणे आणि दोन्ही भाषा शुद्ध लिहिता येणे यात फरक आहे. माझ्या वर्गातली हुशार मुलेही 'माझी दुकान' लिहितात, कारण उर्दूत दुकान स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत नपुंसकलिंगी. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांची गफलत तर रोजची. संपादक पहिल्या परिच्छेदातच हे हेरतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. वर्षभर रोज एक मराठी अग्रलेख आणि एक उर्दू अग्रलेख मोठ्याने वाचावा, आणि एका बातमीचा दुसऱ्या भाषेत अनुवाद करावा. मराठी युनिकोड टंकलेखन आणि उर्दूसाठी इनपेज यायलाच हवे.

बीडच्या मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. 2019 मध्ये आपल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ज्यांच्या घरातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन माणसे निघतात, त्यांना हे आधीपासून माहीत होते. गावातल्या किती बायकांचे ऑपरेशन झाले हे आपल्या खालांना, आत्यांना तोंडपाठ होते. ते लिहून काढायला मात्र कोणी बसले नव्हते. मुली पत्रकारितेत नकोत असे म्हणणाऱ्या अब्बूंनी याचा जरूर विचार करावा. अशी बाई आपले दुखणे परक्या पुरुष बातमीदाराला सांगेल, की शेजारच्या मुलीला?

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातच कामाला लागा. जवळच्या दैनिकात सुट्टीत उमेदवारी करा, 'झुंजार नेता'सारखी दैनिके बीडमधूनच निघतात. मिळेल ते लिहा. शेतीमालाचे भाव, पाण्याचे टँकर, शाळेची गळकी खोली, काहीही चालेल, पण नाव, तारीख, आकडा बरोबर हवा. छापून आलेले प्रत्येक कात्रण तारखेसह फाईलला लावा, व्हिडिओ असेल तर मोबाईलमध्ये वेगळा ठेवा. नोकरीच्या अर्जाबरोबर दोन पानांची स्तुती नको, एका पानाचा बायोडाटा आणि पाच चांगली कात्रणे पुरेत. मुलाखतीत बहुतेक ठिकाणी तिथेच बसवून बातमी लिहायला देतात. त्याची सवय घरी घड्याळ लावून करता येते.

आणि प्रवेशाच्या तारखा. मोठ्या विद्यापीठांचे अर्ज पदवीचा निकाल लागायच्या बऱ्याच आधी सुटतात. निकाल हातात आल्यावर चौकशीला येणारे पालक दरवर्षी भेटतात, तेव्हा त्यांना पुढच्या वर्षी या म्हणावे लागते. हिवाळ्याच्या सुट्टीपासूनच विद्यापीठांची संकेतस्थळे आठवड्यातून एकदा तरी उघडून बघा, आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा.