फवारणी पंपाला चांदीचे ब्रश नकोत



'बॅटरी पंपाच्या मोटरीत कार्बनऐवजी चांदीमिश्रित धातूचे ब्रश द्या' ही एका वाचकाची मागणी पटत नाही. वसमत-कळमनुरीकडे हळद, सोयाबीनवर फिरणाऱ्या 12 व्होल्टच्या पंपाची मोटर काही अँपिअर ओढते. तिथे तांबे-ग्रॅफाइटचाच ब्रश हवा. तो स्वतः झिजतो, पण ज्यावर घासतो तो कम्युटेटर वाचवतो. चांदी-पॅलॅडियमचे पातळ ब्रश अगदी कमी करंटच्या छोट्या मोटरींसाठी असतात. शिवाय गंधकाने चांदी काळी पडते, आणि गंधक तर आपण फवारतोच! मोटरीचा घात बहुधा पंपातला फाटलेला डायफ्राम (पडदा) करतो: औषध मोटरीत झिरपते, कम्युटेटरच्या खाचांत हिरवट-काळा थर बसतो. कंपन्यांनी ब्रश आणि डायफ्राम सुटे द्यावेत, ही मागणी शेतकऱ्यांनी रेटावी.

— एक शेतकरी वाचक, वसमत (जि. हिंगोली)