बीपीच्या गोळीचा बॅच नंबर कुठे जातो?

आज थोडं बीपीच्या गोळीबद्दल. जासई घ्या, चिरले घ्या, गव्हाण घ्या, पन्नाशीपुढचं एक तरी माणूस घरोघरी सकाळी ही गोळी घेतंच. नाव विचारलं तर "ती पांढरी, बारीक", नाहीतर "डॉक्टरनी दिलेली". गोळीची ओळख एवढीच. सगळं सुरळीत असेल तर तेवढी पुरते. पण एखाद्या बॅचमध्ये खोट निघाली की ती मुळीच पुरत नाही.

सप्टेंबर २०२४ आठवा. '५३ औषधं फेल' असं सगळ्या ग्रुपवर फिरत होतं. ती केंद्राच्या औषध नियंत्रण संघटनेची, म्हणजे सीडीएससीओची, ऑगस्ट महिन्याची यादी होती. त्यात पॅरासिटामॉल होतं, तसं बीपीचं टेल्मिसार्टनही होतं. आता मूळ यादीत काय असतं, तर औषधाचं नाव, कंपनी आणि एक बॅच नंबर. म्हणजे फेल होते ती तेवढी बॅच, सगळा ब्रँड नाही. त्यातली काही तर नकलीच होती, ही बॅच आमची नव्हेच असं कंपन्यांनी सांगितलं. फॉरवर्डमध्ये मात्र बॅच नंबर गायब आणि 'फेल' तेवढं राहिलं. असं वाचून माणूस एकतर घाबरून गोळी बंद करतो, नाहीतर "जाऊ दे, काय होतंय" म्हणतो. दोन्ही वाईटच.

आता बाहेर हे कसं होतं ते बघा. जुलै २०१८ मध्ये युरोप-अमेरिकेत व्हल्सार्टन ही बीपीची गोळी परत मागवली गेली. चीनच्या एका कारखान्यात बनलेल्या कच्च्या मालात एनडीएमए नावाचं द्रव्य सापडलं होतं. त्याने कॅन्सर होऊ शकतो असं मानतात. कारखान्याने काही वर्षांपूर्वी बनवायची पद्धत बदलली होती, त्यातून हे तयार होत होतं आणि इतकी वर्षं कुणी ते तपासलंच नव्हतं. पुढे चौकशी वाढली तशी आपल्याही कंपन्यांची नावं आली. हैदराबादची हेटेरो, अहमदाबादची टोरंट. २०१९ मध्ये मुंबईच्या मॅक्लिऑड्सने अमेरिकेतून लोसार्टन परत मागवलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्याच ल्युपिनने इर्बेसार्टन. प्रत्येक वेळी लॉट नंबर जाहीर, आणि तुमची बाटली त्यातली आहे का हे कसं बघायचं तेही जाहीर.

सोबत आणखी एक गोष्ट ठळक सांगितली जायची: दुसरी गोळी हातात येईपर्यंत ही बंद करू नका. का, तर हिशोब साधा होता. अमेरिकेच्या औषध खात्याचा अंदाज असा, की ८,००० माणसांनी खराब व्हल्सार्टनचा सगळ्यात मोठा डोस रोज, सलग ४ वर्षं घेतला तर जन्मभरात कॅन्सरचा एखादा जास्तीचा रुग्ण निघेल. उलट गोळी अचानक सोडली की बीपी चढायला चार वर्षं लागत नाहीत. लकवा मारला की मग पनवेल-वाशीला धावा, आणि वाटेत जेएनपीटीच्या ट्रेलरची रांग आहेच.

जेएनपीटीवरून आठवलं. औषधांचे कंटेनर आपल्याच दारावरून न्हावा-शेवाला जातात. त्यातली गोळी अमेरिकेतल्या आजोबांकडे पोचली आणि खराब निघाली, तर त्यांना कळायची सोय आहे. जासईतल्या आजोबांना कोण कळवणार?

नियम अगदीच नाहीत असं नाही. सीडीएससीओच्या मार्गदर्शक सूचना आहेत. दोष जिवावरचा असेल तर विक्री २४ तासांत, फार तर ७२ तासांत थांबवायची. पण निरोप जातो कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरला, डिस्ट्रिब्युटरकडून केमिस्टला. शेल्फवरचा माल उचलला जाईलही, पण तुमच्या डब्यात गेलेल्या पट्टीचं काय? ती कुणाला विकली याचा माग घरापर्यंत लागतच नाही.

आणि इथे आपलाही हात आहे. आपण पट्टी घेतो अर्धी, कधी पाच गोळ्या. परवडत नाही हे खरं, महिन्याचं औषध एकदम घ्यायला सगळ्यांकडे पैसे नसतात. पण बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते पट्टीच्या एका टोकाला. कात्री लागली की ते टोक राहतं दुकानात, आपल्या हातात येतात नुसत्या गोळ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, मोबाइलने स्कॅन केला की बॅच, तारीख, लायसन्स सगळं दिसतं. कापलेल्या तुकड्यावर तो यायचा कुठून?

राहिलं बिल. चिठ्ठीवरच्या औषधाची विक्री बॅच नंबरसकट नोंदवणं केमिस्टवर बंधनकारक आहे. पण "बिल हवंय का?" विचारलं की आपणच "नको, राहू दे" म्हणतो. ८४ साली जमिनीच्या भावासाठी पोलिसांच्या गोळ्यांपुढे उभं राहिलेलं हे गाव, कागदाच्या चिटोऱ्यासाठी का लाजतं ते मला कळत नाही. केमिस्ट ओळखीचा असतो, उधारीवर देतो, हे मान्य. बिल मागणं म्हणजे त्याच्यावर संशय नव्हे. नकली माल त्याच्याही गळ्यात मारला जाऊ शकतो.

माझं मागणं मोठं नाही. सीडीएससीओची यादी दर महिन्याला येते, इंग्रजीत, पीडीएफमध्ये. आपल्या भागातल्या केमिस्टांनी त्यातली बीपी-शुगरची औषधं बॅच नंबरसकट मराठीत लिहून काउंटरवर लावावीत. ग्रामपंचायतीने तो कागद आपल्या फलकावरही लावावा. पाच गोळ्या द्यायच्याच असतील तर बॅच नंबर पाकिटावर पेनाने लिहून द्यावा, दहा सेकंदांचं काम आहे. आणि आशाताई घरोघरी जातातच, तर गोळीचं नाव वहीत लिहून ठेवायला त्यांनी सांगावं.

कुणाला गोळीबद्दल शंका असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, परस्पर बंद करू नका. तक्रारीसाठी महाराष्ट्राच्या एफडीएचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५. गोळीने त्रास झाला असेल तर तो कळवायला केंद्राचा १८००१८०३०२४. फोन करताना बॅच नंबर हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच येणार.