स्पष्ट चित्र आणि सत्य चित्र

एखादी वस्तु स्पष्ट दिसली म्हणजे ती खरी दिसली, अशी आपली सर्वांची समजूत असते. हातांतील मोबाइलनें अंधुक छायाचित्र क्षणांत उजळून दिलें कीं आपण संतुष्ट होतों. परंतु शास्त्राच्या प्रांतांत स्पष्टता आणि सत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची सांगड घालण्यासाठीं कित्येक तरुण-तरुणी डॉक्टरेटच्या अभ्यासांत आपल्या आयुष्याचीं पांच-सहा वर्षें वेंचतात. या कामाची योग्यता विद्यार्थ्यांस, व विशेषतः पालकांस, कळावी म्हणून हा लेखनप्रपंच.

या विद्येचें एक बीज आपल्या शेजारींच पेरलें गेलें. १९६५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनीं कल्याण येथें सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या मांडून सूर्याच्या रेडिओ-लहरींचा वेध घेतला. पुढें त्यांच्याच नेतृत्वाखालीं पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ, खोडद येथें, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड दुर्बीण उभी राहिली. या तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत विखुरल्या आहेत. एवढी मोठी एकच तबकडी बांधणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून दोन-दोन तबकड्यांच्या ४३५ जोड्या कल्पून, प्रत्येक जोडीनें टिपलेल्या लहरींची तुलना करून, आकाशाचें चित्र गणितानें जुळवावें लागतें. पृथ्वी फिरते तसतशी कांहीं उणीव भरून निघते. तरीहि माहितींत खिंडारें उरतातच, आणि त्यामुळें चित्रावर खोटे ठिपके व लाटा उमटतात. ते दूर करण्याची एक गणिती रीत हॉग्बोम या शास्त्रज्ञानें १९७४ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजहि वापरांत आहेत.

खरा प्रश्न येथेंच उपस्थित होतो. हीं खिंडारें भरावयाचीं तीं कशानें? वसईच्या किल्ल्यांतील पडक्या चर्चांत पोर्तुगीज काळांतील थडग्यांच्या शिळा आहेत. अशा शिळेवरील एखादें अक्षर झिजलें असल्यास जाणता वाचक शेजारच्या अक्षरांवरून तें ताडतो; परंतु कोणतें अक्षर डोळ्यांनीं पाहिलें व कोणतें तर्कानें भरलें, हें तो वेगळें नोंदून ठेवतो. उतावळा मनुष्य मात्र आपल्या मनांतलेंच नांव दगडावर वाचून मोकळा होतो. गणकयंत्रहि असेंच उतावळें होऊं शकतें. जें पाहण्याची संवय त्याला लावली असेल, तेंच तें सर्वत्र दाखवूं लागतें.

हा धोका ओळखून थोर शास्त्रज्ञ कसे वागले, तें पाहण्यासारखें आहे. सुमारें साडेपांच कोटी प्रकाशवर्षें दूर असलेल्या कृष्णविवराचें पहिलें चित्र १० एप्रिल २०१९ रोजीं जगापुढें आलें. त्याचें निरीक्षण एप्रिल २०१७ मध्येंच झालें होतें. चित्र जुळविण्यासाठीं चार तुकड्या केल्या, आणि त्यांनीं परस्परांशीं चकार शब्द न बोलतां आपापलें चित्र काढलें. इतकेंच नव्हे, तर भरीव तबकडीसारखे कृत्रिम नमुने देऊन आपली रीत नसलेलें कडें दाखवीत नाहीं ना, याचीहि परीक्षा घेतली. या कार्यांत पुढें असलेल्या केटी बाउमन यांनीं २०१७ सालींच डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्या संशोधनाचा विषय हाच होता.

"याचा संसाराला उपयोग काय?" असें कोणी पालक विचारतील. त्यांनीं रुग्णालयांतील सी.टी. स्कॅन आठवावें. तेथेंहि निरनिराळ्या बाजूंनीं गेलेल्या क्ष-किरणांवरून शरीराचें अंतरंग गणितानेंच रेखाटतात. आपल्या देशांतील जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् यांनीं १९७१ सालीं त्यासाठीं एक सुलभ रीत दाखवून दिली. त्या चित्रांत नसलेली छाया उमटली तर निरोगी मनुष्य भयानें खंगेल. असलेली छाया पुसली गेली तर रोगी प्राणास मुकेल. चित्र गुळगुळीत करणाऱ्यापेक्षां तें खरें ठेवणाऱ्याची आपणांस अधिक गरज आहे, ती याचसाठीं.

म्हणून पालकांस माझी विनंति अशी कीं, आपल्या मुलास किंवा मुलीस गणिताची व सृष्टीच्या शोधाची ओढ असेल, तर "लवकर नोकरीस लाग" म्हणून तिला मध्येंच बांध घालूं नका. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रासारख्या संस्थांत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्तीहि मिळते. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस त्या अभ्यासाचा पहिला धडा आजच गिरवितां येईल. प्रयोगवहींत आलेला आंकडा पुस्तकांतल्याशीं जुळला नाहीं, तरी तो खोडूं नका. जसा आला तसाच लिहा, आणि तो तसा कां आला हें शोधा. ज्याला शाळेंत ही संवय जडली, त्याच्या हातून पुढें निघणारें चित्र जग विश्वासानें पाहील.