रूडीचे हात

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘उद्याचे भय’ हा विषय जाहीर केला, तेव्हा अमेरिकेतल्या मराठी लेखकांकडून इतका भरभरून प्रतिसाद येईल असे वाटले नव्हते. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत सगळीकडून कथा आल्या. चौकाचौकांत कॅमेरे लावलेली शहरे, नागरिकांना गुण देऊन त्यांची प्रतवारी करणारी सरकारे, आईबापांपेक्षा यंत्राशी अधिक बोलणारी मुले. त्यांतल्या निवडक कथा पुढच्या पानांवर आहेत आणि त्या अस्वस्थ करतील.

पण सगळ्या कथा ओळीने वाचल्यावर एक गोष्ट सलत राहिली. प्रत्येक कथेतला नायक भरडला जाणारा आहे. भरडणारे यंत्र कुणा अज्ञात ‘त्यांनी’ बनवले आहे. ते बनत असताना रोज सकाळी कोण मीटिंगला बसत होते, कुणाची बढती त्यावर अवलंबून होती, कुणाच्या घराचा हप्ता त्या पगारातून जात होता, याबद्दल कुठे अवाक्षर नाही. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण तर दिवसभर अशी यंत्रे बनवण्याचेच काम करतात!

अमेरिकन विज्ञानकथेने यंत्र बनवणाऱ्या-चालवणाऱ्याची ही खुर्ची फार पूर्वी ओळखली. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट 451’चा नायक पुस्तके जाळण्याच्या सरकारी नोकरीत असतो. फिलिप के. डिकच्या ‘द मायनॉरिटी रिपोर्ट’चा नायक तर गुन्हा घडण्याआधीच माणसाला पकडणाऱ्या खात्याचा संस्थापकच आहे. पण आपल्या घराच्या सर्वांत जवळ येणारे पुस्तक याही आधीचे, 1952 चे. कर्ट व्हॉनेगटची पहिली कादंबरी, ‘प्लेअर पियानो’.

व्हॉनेगट 1947 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात रुजू झाला. त्याचा थोरला भाऊ बर्नार्ड तिथल्याच प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होता. कंपनीच्या संशोधनाच्या बातम्या वर्तमानपत्रांसाठी लिहिणे हे कर्टचे काम. तिथे त्याने टर्बाइनचे भाग आपोआप कापणारे यंत्र पाहिले. हे काम तोवर कसबी यंत्र-कारागीर हाताने करत आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान असे. कादंबरीचे बीज त्या यंत्रात आहे, असे पुढे त्यानेच सांगितले.

कादंबरीतल्या अमेरिकेत सगळे उत्पादन यंत्रे करतात. सत्ता इंजिनियर आणि मॅनेजर यांच्या हाती आहे. बाकीच्यांना अन्न, घर, टीव्ही, विमा सगळे मिळते, फक्त कुणाला त्यांची गरज उरलेली नाही. नायक पॉल प्रोटियस कारखान्याचा प्रमुख आहे, स्वभावाने सज्जन. एका संध्याकाळी तो नदीपलीकडच्या कामगार वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यात शिरतो. तिथे त्याला म्हातारा रूडी हर्ट्झ भेटतो.

रूडी कधीकाळी लेथवरचा सर्वोत्तम माणूस होता. तरुण पॉल आणि त्याचे दोन मित्र एक दिवस त्याच्याकडे गेले, त्याच्या लेथला टेप जोडली आणि त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल तिच्यावर उतरवून घेतली. नंतर त्यांनी त्याला बिअरही पाजली. त्या टेपवर आता लेथच्या रांगाच्या रांगा चालतात आणि रूडी घरी बसला आहे. वाचताना आपण त्याच्या संतापाची वाट पाहतो. रूडीला मात्र पॉलला पाहून आनंद होतो. एवढ्या माणसांतून आपल्याच हातांची निवड झाली होती, ही गोष्ट तो गुत्त्यातल्या सर्वांना अभिमानाने सांगतो. मग आपोआप वाजणाऱ्या पियानोत नाणे टाकून पॉलला गाणे ऐकवतो. पट्ट्या खालीवर होतात, वाजवणारा कुणी नाही. पॉलला तिथे बसवत नाही.

रूडीची टेप लेखकाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिकने खरोखरच कारागिराच्या हालचाली चुंबकीय टेपवर घेऊन लेथ चालवण्याची पद्धत तयार केली होती. खरी घटना मात्र कादंबरीपेक्षा पुढे गेली. हवाई दलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये दुसरी पद्धत विकसित झाली. तिच्यात कारागीर लागतच नव्हता. आकडेमोड करून ऑफिसातच टेप तयार होई. तिचे प्रात्यक्षिक 1952 चेच. कारागिराच्या हालचाली उतरवून घेणारी पद्धत मागे पडली. त्याचे एक मोठे कारण असे, की तिच्यात कसब कामगाराच्याच हाती राहत होते आणि व्यवस्थापनाला ते नको होते, असे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या पुस्तकात मांडले आहे. तंत्रज्ञान कुठे जाणार हे तंत्रज्ञान ठरवत नाही. एका खोलीत बसलेली माणसे ठरवतात, आणि त्या खोलीत हुशार, मेहनती, कुटुंबवत्सल माणसे असतात. विज्ञानकथेकडून मला यापेक्षा भयंकर काही ऐकायचे नाही.

आपल्याला या खोलीबद्दल लिहायला जड का जाते? आपल्याकडे यंत्र मुक्तिदाता म्हणून आले. 1910 मध्ये माळरानावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीने लोखंडी नांगर दिला. शेतकऱ्याचे आणि बैलाचे कष्ट खरोखर हलके केले. 1920 मध्ये त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिच्यातून पुढे मराठीतले एक मोठे मासिक घडले. कारखान्याच्या प्रसिद्धीतून तिकडे व्हॉनेगटची शंका जन्मली, इकडे आपला विश्वास. शंतनुराव किर्लोस्कर विसाच्या दशकात एमआयटीतूनच शिकून परतले. आपण सगळे त्या वाटेने आलो आहोत आणि तिच्याबद्दलची कृतज्ञता खोटी नाही. 2025 च्या मे महिन्यात विज्ञानकथाकार जयंत नारळीकर गेले. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली, तेव्हापासून आपली विज्ञानकथा प्रयोगशाळेत शिरली. ‘वामन परत न आला’मध्ये त्यांनी स्वतःच्या प्रती काढू पाहणाऱ्या यंत्रमानवाचा धोकाही दाखवला. तरी रूडी आपल्या कथेत यायचा राहिला.

आयुष्यात मात्र तो आला आहे. आपल्या घरांत ‘केटी’ (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपले काम दुसऱ्याला शिकवून सोपवणे) हा शब्द पोराबाळांनाही ठाऊक असतो. 2014 च्या ऑक्टोबरात ओरलँडोला डिस्नेच्या सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना कामावरून काढत असल्याचे सांगण्यात आले. त्यांतल्या कित्येकांना जाण्यापूर्वी आपले काम भारतातल्या आउटसोर्सिंग कंपनीने तात्पुरत्या व्हिसावर आणलेल्या माणसांना शिकवावे लागले. अशा टेबलांच्या दुसऱ्या बाजूला आपली मुले बसलेली असतात, पोटासाठी, कायदेशीरपणे, मान खाली घालून. आज तीच मुले पंचेचाळिशीची आहेत आणि आपण कोड कसा तपासतो, तक्रार कशी सोडवतो हे पायरीपायरीने लिहून यंत्राला केटी देत आहेत. व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर नवी शोधायला हातात फार तर साठ दिवस. त्याला नकार देणे किती अवघड असते, हे त्याच्याखेरीज कोण लिहिणार?

व्हॉनेगटच्या कादंबरीच्या शेवटी लोक बंड करून यंत्रे फोडतात. आणि धूळ खाली बसण्याआधीच काही जण शीतपेयाचे मोडके यंत्र दुरुस्त करायला बसतात. ते यंत्र पुन्हा चालू झाल्यावर गर्दी खूश होते. बऱ्याच समीक्षकांना यात माणसाची हार दिसते. मला ते पटत नाही. त्या माणसांना पेय नको होते, त्यांना हाताला काम हवे होते, आणि ते जमले म्हणून त्यांचे चेहरे उजळले. आपल्या इंजिनियरांना आपले काम मनापासून आवडते. ते आवडते म्हणूनच गुंता आहे. जुलमी सत्ताधीशाच्या कथेत हा गुंता मावत नाही.

पुढच्या वर्षी हाच विषय पुन्हा ठेवत आहोत. टेप जोडणाऱ्या त्या तिघांपैकी एकाची कथा हवी आहे: त्याला त्या दिवशी काय वाटले, घरी जाऊन त्याने बायकोला काय सांगितले, बिअरचे पैसे कुणी दिले. नाव द्यायचे नसेल तर टोपणनावाने पाठवा.